लग्नाच्या व्हिडिओत आपला चेहरा आपलाच राहू द्या

लग्नाचा व्हिडिओ आला की शेजारपाजारसुद्धा टीव्हीसमोर जमतो. आमच्या पुतणीच्या मंगल परिणयाचा व्हिडिओ आम्ही असाच लावला. पाच मिनिटे झाली नसतील तोच आजी म्हणाली, "अगं, ही कोण?"

पडद्यावर पुतणीच होती. पण तिचा सावळा रंग पार धुऊन काढला होता. पुढच्याच दृश्यात तीच पोर काळीठिक्कर. पांढरी साडी ट्यूबलाइटखाली हिरवट, पिवळ्या बल्बखाली पिवळी आणि बाहेर उन्हात निळसर.

हे का होते, ते आम्ही मागाहून खटपट करून शिकलो. प्रत्येक उजेडाचा आपला एक रंग असतो. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा अंदाजाने पांढरे ठरवतो आणि दर वेळी तो अंदाज बदलतो. शिवाय आपल्या लग्नात वधू-वर पांढऱ्या वेषात. चौकटीत एवढे पांढरे दिसले की कॅमेरा चित्र आपोआप काळपट करतो आणि सावळे चेहरे आणखी अंधारात जातात. मग मिक्सिंगवाला सगळेच उजळतो आणि वर गोरेपणाचा हात फिरवतो.

हे दुखणे जुनेच आहे. कोडॅक कंपनी फोटो लॅबना रंग जुळवण्यासाठी नमुन्याचा फोटो देई. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर कित्येक वर्षे गोरी बाईच असे. कॅनडातील संशोधक लोर्ना रॉथ यांनी २००९ साली यावर लेख लिहिला. तपकिरी छटा नीट उतरत नाहीत अशी तक्रार चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी केली, तेव्हा कंपनी हलली, असे त्यात आहे. माणसांआधी चॉकलेटची दाद लागली!

आता उपाय. शूटिंगवाल्याला सांगा, जागा बदलली की कॅमेऱ्याला पांढरा कागद दाखवून व्हाइट बॅलन्स कर. मिक्सिंग घरचा मुलगा करणार असेल, तर 'डाव्हिन्ची रिझॉल्व्ह'ची फुकट आवृत्ती मिळते. आधी एक चांगले दृश्य पक्के करायचे. ड्रॉपरने साडीवर टिचकी मारली की पांढरे जागेवर येते. मात्र साडीचा उन्हाने जळालेला भाग निवडू नये. मग बाकीची दृश्ये त्या एका दृश्याशेजारी ठेवून जुळवायची. चेहरा अंधारात असेल तर तेवढाच थोडा उजळावा, त्याचा रंग बदलू नये. सॉफ्टवेअरमधल्या व्हेक्टरस्कोपवर त्वचेची एक रेघ असते. गोरा असो की सावळा, माणसाच्या कातडीची छटा त्याच रेघेच्या आसपास पडते. फरक असतो तो मुख्यतः उजेड-अंधाराचा.

वेगाचेही तसेच. आपल्याकडे व्हिडिओ बहुधा सेकंदाला २५ चित्रांनी चालतो. तोच निम्म्या वेगाने चालवला तर एकेक चित्र दोनदा दिसते आणि हिसके बसतात. वरातीचा नाच स्लो मोशनमध्ये हवा असेल तर तेवढा भाग ५० चित्रांनी घ्यायला सांगा. मधली चित्रे सॉफ्टवेअर स्वतः बनवते खरे, पण नाचणाऱ्यांची बोटे मेणासारखी वितळतात.

आमच्या व्हिडिओत वरात निम्म्या वेगाने वीस मिनिटे चालली. आजोबांचे सहा मिनिटांचे आशीर्वादाचे बोलणे मात्र दुप्पट वेगाने तीन मिनिटांत उरकले होते. वरून गाणे घातले होते. तेव्हा आम्ही हसलो. त्याच पावसाळ्यात आजोबा गेले. मूळ चित्रण मागायला गेलो, तर स्टुडिओवाला म्हणाला, "कार्ड केव्हाच पुसले." म्हणून सांगतो, शेवटचा हप्ता देण्याआधी मूळ चित्रण आपल्या पेनड्राइव्हवर घ्या.

ती तीन मिनिटे आम्ही घरी पुन्हा निम्म्या वेगावर आणली. दुप्पट वेग देताना दर दुसरे चित्र गळालेले, ते परत कुठून येणार? आजोबा हिसके खात हात वर करतात, ओठ हलतात. काय म्हणाले ते आजी आठवून सांगते, आणि दर वेळी थोडे वेगळे सांगते.