धुकं पिणारं वाळवंट

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला लागून नामिब वाळवंट पसरलं आहे. शेजारी अटलांटिक महासागर, तरी किनाऱ्यावर वर्षाकाठी पाऊस जेमतेम २० मिलिमीटर, कधी तेवढाही नाही. कारण बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह. त्याच्यावरची गार हवा वर चढत नाही, म्हणून पावसाचे ढग होत नाहीत. होतं ते धुकं, आणि ते वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर आत शिरतं.

इथला एक काळा भुंगेरा या धुक्यावरच तहान भागवतो. पहाटे तो वाळूच्या टेकडीचा माथा गाठतो आणि डोकं खाली, पाठ वर अशा अवस्थेत वाऱ्यात उभा राहतो. पाठीवर जमलेले थेंब ओघळत थेट तोंडात! एका पहाटे तो स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशापर्यंत पाणी पिऊ शकतो. माझ्या मते वाळवंटातली ही सर्वांत देखणी युक्ती.

इथलीच वेलविचिया ही वनस्पती मात्र देखणी मुळीच नाही. लांबून उकिरडाच वाटतो. तिला जन्मभर दोनच पानं. ती बुडाशी वाढत राहतात, टोकाशी वाळतात, वाऱ्यानं फाटून त्यांच्या चिंध्या होतात. काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत.