माळ्यावर कोंडलेली हवा

२०२४ सालीं अहिल्यानगर झालेल्या शहराला जुनीं माणसें अजून नगरच म्हणतात. तेथील जुन्या पेठांतला वाडा उन्हाळ्यांत थंड असे, याचें श्रेय जाड भिंतींना दिलें जातें. पण त्यांतलें अर्धें धाब्याचें आहे. तुळयांवर लाकडें अंथरून वर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेला असे. दिवसाचें ऊन त्यांतून खालीं उतरेपर्यंत संध्याकाळ होई, आणि सवण्याच्या भोकांतून धुराबरोबर तापलेली हवाहि निघून जाई.

पुढें धाबीं गळूं लागलीं, माती टाकणारे मिळेनात, म्हणून पुष्कळांनी पत्रा घातला. पत्र्याबरोबर सवणें गेलें. मग माळा तक्तपोशीनें मढवून मुलांच्या अभ्यासाची खोली झाली, आणि मे महिन्यांत रात्रीं दहा वाजतांहि तेथें कोणाला बसवेना.

अशा वेळीं छपरावर वाऱ्यानें फिरणारें पंख्याचें टोपडें बसवावें, असा सल्ला बहुधा मिळतो. कारखान्याच्या शेडवर तें टोपडें चांगलें काम देतें, कारण तेथें छपराखालीं सारी हवा एकच असते. मढविलेल्या माळ्यावर ती दोन ठिकाणीं असते: एक खोलींत, दुसरी पत्रा आणि तक्तपोशी यांमधील वीतभर पोकळींत. खरा ताप दुसरीचा. वाशांनी या पोकळीचे अरुंद गाळे पडलेले असतात. टोपडें ज्या गाळ्यावर बसेल तोच मोकळा होतो, बाकीचे तसेच कोंडलेले राहतात. त्रिकोणी भिंतीतली खिडकी तर खोलीपुरतीच. तेथें विजेचा पंखा लावला तरी पोकळींतील हवा जागची हालत नाहीं.

तापलेली हवा हलकी होऊन आढ्याकडे चढते. पण तिची जागा घेणारी खालून आली तरच ती बाहेर पडते. म्हणून वळचणीखालीं जाळीचीं तोंडें, तेथून आढ्यापर्यंत प्रत्येक गाळा अखंड, आणि आढ्यावर पत्र्याची टोपी किंचित् उचलून लांबट फट, ही रचना सर्वांत भरंवशाची. तिला ना वीज लागते ना वारा. अमेरिकेंत फेडरल हौसिंग ॲडमिनिस्ट्रेशननें १९४२ सालीं क्षेत्रफळाच्या तीनशेव्या भागाइतकी वाट ठरविली होती. म्हणजे तीनशे चौरस फुटांस एक चौरस फूट. तो नियम मुख्यतः थंडींतील ओलीसाठीं होता. नगरच्या उन्हाला तो किमान समजावा, शिवाय बारीक जाळी बरीच वाट अडविते हेंहि धरावें.

पावसाचा प्रश्न सर्वत्र सारखा नाहीं. नगर शहर पर्जन्यछायेंत आहे. अकोले तालुक्यांत भंडारदरा-घाटघराकडे मात्र पाऊस आडवा मारतो, तेथें टोपीच्या कडा बऱ्याच खालीं उतरवाव्या लागतात.

वायुवीजनानें हवा जाते, तापलेल्या पत्र्याची धग जात नाहीं. त्यासाठीं मार्चांत पत्र्यावर चुन्याचे दोन हात द्यावे. पावसाळ्यांत ते धुऊन जातात, पण खर्च थोडा आहे.

पैसे खर्चण्यापूर्वीं वळचणीजवळची तक्तपोशीची एक फळी काढून पाहावी. चिमण्या-उंदीर येऊं नयेत म्हणून कोणीतरी तेथें गोणपाटाचे बोळे कोंबलेले असण्याचा संभव फार. ते काढून जाळी लावल्यावरच आढ्याला हात घालावा.