पहिल्या दिवसाचे अंतर

उन्हाळ्याची सुट्टी लागली, सामान बांधले, एस. टी.त खिडकीची जागा मिळाली, की आपण शेजाऱ्याला पहिला प्रश्न कोणता विचारतो? “किती वाजता पोचेल हो?” प्रवास म्हणजे दोन गावांमधला नाइलाज, असे आपण नकळत धरून चाललेले असतो. वाटेत चहासाठी गाडी थांबते. दहाची पंधरा मिनिटे झाली, की आपली चुळबुळ सुरू होते. जिथे थांबलो त्या गावाचे नावही पुष्कळदा आपण विचारीत नाही.

नेमका अशा थांब्यांचाच प्रवास करायचा, असे एका जोडप्याने ठरवले होते. त्यातील पती होते खुलिओ कोर्तासार. अर्जेंटिनाचे हे ख्यातनाम कथाकार-कादंबरीकार १९५१ पासून पॅरिसमध्ये राहत होते. पत्नी कॅरोल डनलॉप अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे कॅनडात राहिलेल्या लेखिका व छायाचित्रकार होत्या. रविवार, २३ मे १९८२ रोजी हे दोघे पॅरिसहून मार्सेय या बंदराकडे निघाले. त्या दिवशी कोर्तासार ६७ वर्षांचे होते आणि कॅरोल ३६ वर्षांच्या.

पॅरिस-लियों-मार्सेय हा महामार्ग १९७० मध्ये सलग पुरा झाला. ‘सूर्याचा महामार्ग’ या नावाने तो ओळखला जातो, कारण उत्तरेच्या ढगाळ हवेतून सुट्टीसाठी निघालेली माणसे या वाटेने दक्षिणेच्या उन्हाकडे आणि समुद्राकडे जातात. अंतर सुमारे ८०० किलोमीटर. मोटारीने सकाळी निघालेला माणूस रात्रीच्या जेवणाला मार्सेयला पोचू शकतो. या दोघांना मात्र तिथे पोचायला २३ जून उजाडला. एक महिना! वाटेत गाडी बिघडली नव्हती की कोणी आजारी पडून अडकले नव्हते. हा उशीर त्यांनी आधीच, विचारपूर्वक ठरवलेला होता.

त्यासाठी त्यांनी स्वतःला काही नियम घालून घेतले होते. पॅरिस ते मार्सेय हा प्रवास महामार्ग एकदाही न सोडता पुरा करायचा. वाटेतले एकूण एक थांबे पाहायचे. रोज दोन, आणि मुक्काम दुसऱ्या थांब्यावरच. प्रत्येक थांब्याचे शास्त्रीय पद्धतीने निरीक्षण करून नोंदी ठेवायच्या. शेवटी जुन्या संशोधक-प्रवाशांप्रमाणे मोहिमेचा ग्रंथ लिहायचा. येथे थांबा म्हणजे महामार्गाच्या कडेला गाड्या उभ्या करण्यासाठी राखलेली जागा. कुठे नुसती झाडे, बाके आणि स्वच्छतागृहे; कुठे त्यांच्या जोडीला पेट्रोल पंप, दुकान, उपाहारगृह. पॅरिस-मार्सेय वाटेवर असे साठाहून अधिक थांबे होते. हिशेब करून पाहा: ८०० किलोमीटर आणि एक महिना, म्हणजे दिवसाला सरासरी २५-२६ किलोमीटर! आपली वारकरी मंडळी एखाद्या मोठ्या टप्प्याला पायीही तितके चालतात.

महामार्गावर इतके दिवस राहणे कायद्यात बसत नव्हते. म्हणून त्यांनी व्यवस्थापनाला पत्र लिहून रीतसर परवानगी मागितली. उत्तर आले नाही. शेवटी ते तसेच निघाले.

वाहन होते फोक्सवॅगनची तांबडी व्हॅन. वाग्नरच्या संगीतिकेतील अजगरावरून तिचे नाव ‘फाफ्नर’ ठेवले होते. तिच्यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय होती. सोबत टंकलेखन यंत्रे होती, आणि फुलाफुलांच्या कापडाच्या दोन घडीच्या खुर्च्याही. त्या खुर्च्या इतक्या भडक होत्या, की या दोघांनी त्यांना ‘फुलांची भयंकरे’ अशा अर्थाचे नाव दिले. ताजी भाजी-फळे मधूनमधून मित्रांनी आणून द्यायची, असे ठरले होते.

आता अशा प्रवासाच्या पहिल्या दिवसाचा विचार करू. एरवी पहिला दिवस हा सर्वांत जास्त अंतर कापण्याचा असतो. अंग ताजे असते, उत्साह असतो, घर मागे पडल्याचा आनंद असतो. या प्रवासात मात्र नियमाने सारे उलटे झाले. पहिले थांबे राजधानीच्या अगदी जवळचे. इंजिन नीट तापते न तापते तोच थांबायचे, गाडी सावलीत लावायची, खुर्च्या उघडायच्या. घर इतके जवळ, की मनात आले असते तर रात्री आपल्या बिछान्यात झोपून सकाळी परत येता आले असते. पण महामार्ग सोडायचा नाही हा नियम! त्यामुळे ज्या शहरात ते वर्षानुवर्षे राहिले, ते काही मैलांवर असूनही एका क्षणात परके झाले. दूर जाण्यासाठी अंतर लागतेच असे नाही. एक साधा नियमही पुरतो.

दुसरी गोष्ट घाईची. शेजारून गाड्या सुसाट चाललेल्या असताना स्वस्थ बसायचे, तर डोळ्यांना काम हवे. ते काम नोंदवहीने दिले. दर दिवसाची तारीख, वेळ, तपमान, काय खाल्ले, फाफ्नरचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे सारे जुन्या दर्यावर्दींच्या थाटात लिहिलेले आहे. वाचताना हसू येते, कारण या ‘अज्ञात प्रदेशा’त पेट्रोल पंप आहे आणि ‘स्थानिक लोक’ म्हणजे सुट्टीवर निघालेली कुटुंबे व ट्रकचालक. पण थट्टेच्या पोटात एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. एखाद्या जागेची नोंद करायची म्हटले, की ती पाहावीच लागते. मग झाडे दिसू लागतात, मुंग्या दिसू लागतात, रात्री उभ्या राहिलेल्या ट्रकांचे आवाज ऐकू येऊ लागतात. जी जागा इतरांसाठी केवळ पाय मोकळे करण्याची होती, ती या दोघांसाठी एका रात्रीचे गाव झाली.

कोर्तासारांच्या वाचकांना इथे त्यांची एक जुनी कथा आठवल्याशिवाय राहत नाही. ‘दक्षिणेचा महामार्ग’ ही कथा १९६६ च्या संग्रहात आली. रविवारी दुपारी पॅरिसला परतणाऱ्या मोटारी कोंडीत अडकतात आणि ती कोंडी कित्येक दिवस सुटत नाही. अनोळखी माणसे पाणी वाटून घेतात, आजाऱ्याची काळजी घेतात, प्रेमातही पडतात. मग एकाएकी रांग हलते, वेग वाढतो आणि सगळे एकमेकांना हरवून बसतात. कथेतल्या माणसांवर थांबणे लादले गेले होते. सोळा वर्षांनी लेखकाने ते पत्नीसह आपखुशीने पत्करले.

आणि ते कोणत्या वेळी पत्करले, हेही पाहिले पाहिजे. १९८१ मध्ये पोटातील रक्तस्रावामुळे कोर्तासारांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. आपल्या हाती अमर्याद वेळ नाही, हे अशा आजारातून उठलेल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. एखादा म्हणेल, मग तर त्याने घाई करायला हवी होती. त्यांनी एका दिवसाचा रस्ता महिनाभर पुरवला.

प्रवासानंतर दोघे निकाराग्वाला गेले. तेथून परतल्यावर २ नोव्हेंबर १९८२ रोजी कॅरोल डनलॉप पॅरिसमध्ये निवर्तल्या. दोघांनी मिळून लिहायला घेतलेला ग्रंथ कोर्तासारांनी एकट्याने पुरा केला. तो १९८३ मध्ये दोघांच्या नावांनी प्रसिद्ध झाला आणि त्याचे मानधन निकाराग्वाच्या जनतेसाठी देण्यात आले. १२ फेब्रुवारी १९८४ रोजी कोर्तासारही गेले. पॅरिसच्या माँपार्नास दफनभूमीत दोघे एकत्र विसावले आहेत.

मे महिन्यातील त्या पहिल्या संध्याकाळी, दुसऱ्या थांब्यावर खुर्च्या मांडताना, हा आपला एकत्र असा शेवटचा उन्हाळा आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या दिवशी त्यांनी कापलेले अंतर नकाशावर नखाएवढेही भरणार नाही. तरी हा उन्हाळा त्यांनी भरधाव ओलांडला नाही, त्यात मुक्काम केला.

आपल्याला महिनाभर रस्त्यावर राहणे जमणार नाही. परीक्षा आहेत, घरची कामे आहेत. पण पुढच्या सुट्टीत गाडी चहाला थांबली, की घड्याळाकडे पाहण्याआधी टपरीवाल्याला एवढे तरी विचारू या: “काका, हे गाव कोणते?”