समुद्रावरची सौदामिनी



दर वेळी तुमच्याशी बोलायचे ते ज्वारीवरची खोडमाशी नाही तर डाळिंबावरचा तेल्या, एवढेच. आज विषय निराळा आहे. सुगी उरकली, कडबा गंजीला लागला आणि चार संध्याकाळी मोकळ्या मिळाल्या, त्यांत घरच्या टीव्हीवर एक जुना चित्रपट पुन्हा पाहिला, त्याची ही गोष्ट.

चित्रपटाचे नाव ‘अमर ज्योती’. प्रभात फिल्म कंपनीने तो १९३६ साली काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे ज्यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आपल्यापैकी अनेकांनी जत्रेतल्या तंबूत पाहिला असेल, तेच. भाषा हिंदी, संगीत मास्तर कृष्णरावांचे. विषय मात्र आपल्या मुलखाला अगदी परका, समुद्रावरच्या चाचेगिरीचा. आपण सोलापूरकर माणसे, उजनीचे पाणी पाहिले तरी आपले डोळे निवतात! आणि ज्या कंपनीने हा समुद्राचा चित्रपट काढला, तिचा स्टुडिओ होता पुण्याला. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

काही वर्षांपूर्वी प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो असता मी याची डीव्हीडी आणली होती. तेव्हा एकट्यानेच पाहिली. गलबते, तलवारी, कैदी एवढेच लक्षात राहिले. करमणूक झाली आणि डबी कपाटात गेली.

या खेपेस आई शेजारी बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर, दृष्टी अधू, पण कान तीक्ष्ण.

कथा थोडक्यात सांगतो. सौदामिनी नावाची एक बाई आहे. तिचे तान्हे मूल राज्याचा कायदा तिला मिळू देत नाही. दाद मागूनही न्याय नाही, तेव्हा ही बाई राज्याशीच वैर मांडते आणि समुद्रावर चाच्यांची पुढारी होते. राणीचे जहाज लुटते, न्यायमंत्री दुर्जयाला कैद करते. त्याच जहाजावर एका पेटीत राजकन्या नंदिनी लपलेली असते. पुढे या नंदिनीचे मन एका मेंढपाळ पोरावर बसते, आणि तो पोरगा नेमका कोण, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल. शेवट मी सांगणार नाही.

सौदामिनी झाल्या आहेत दुर्गा खोटे. ‘मुगल-ए-आझम’मधली जोधाबाई किंवा ‘बॉबी’मधली आजी म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. इथे त्या ऐन तिशीत आहेत. चांगल्या घरच्या बाईने चित्रपटात काम करणे ज्या काळी लोकांना रुचत नव्हते, त्या काळी दोन मुले पदरात असलेली ही बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. माझे आपले मत असे, की त्या आवाजातला जोर नुसत्या तालमीने येत नाही. दुर्जय झालेल्या चंद्रमोहनचे डोळे पाहून माझी नात आजही पांघरुणात शिरली. शांता आपटे नंदिनी आहेत, त्यांची गाणी ऐकावीत. दोष सांगायचे तर आवाजात खरखर आहे, बोलणे नाटकी आहे आणि मधला भाग रेंगाळतो.

लढाया चालू होत्या तोवर आई गप्प होती. मुलाचा विषय निघाला तशी म्हणाली, “पोरगं तिचंच की रं. त्यात राणीला काय इचारायचं?”

मग जरा थांबून म्हणाली, “आपल्या शालनचं असंच केलं.”

शालन म्हणजे माझी धाकटी मावशी, मंगळवेढा भागात दिलेली. १९७२ च्या दुष्काळात तिचे यजमान वारले. मावशी बाविशीची, मुलगा दीड वर्षाचा. सासरच्यांनी तिला माहेरी धाडले आणि मुलगा ठेवून घेतला, कारण बारा एकरांचा वारस होता तो! मावशी दुष्काळी कामावर खडी फोडत राहिली. हे मला ठाऊक होते. पण ती पहिले वर्षभर दर सोमवारी सासरच्या गावाबाहेरच्या विहिरीवर जाऊन बसे, कोणी तरी पोराला कडेवर घेऊन येईल म्हणून, हे आईने त्या रात्री पहिल्यांदा सांगितले.

मी चित्रपट थांबवला. सौदामिनीच्या राज्यात कायदाच तिच्या विरुद्ध होता. मावशीच्या वेळी तसे नव्हते. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याने बापाच्या मागे मुलाची नैसर्गिक पालक आईच असते. त्याच सालच्या वारसा कायद्याने नवऱ्याच्या हिश्श्यात विधवेचाही वाटा असतो. सोळा वर्षे आधीच हे कागदावर होते. तलाठी, पाटील, आमचे आजोबा, कोणीच तिला सांगितले नाही. आजोबांना तरी ते कुठे ठाऊक असणार! आणि मी? तीस वर्षे गावोगाव सभा घेतो, बियाणे सांगतो, खत सांगतो. सातबाऱ्यावर बाईचे नाव आहे का, हे किती ठिकाणी विचारले, ते बोटांवर मोजता येईल. २०२४ च्या १ मेपासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचे नाव लावावे लागते. आईला हे सांगितले तर ती म्हणाली, “लई येळ लावला.”

दुसऱ्या दिवशी तिने हट्टच धरला, “शालनला बोलव. तिला दाव.” मावशी एसटीने आली. तिचा मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला आहे. तो वर्षातून एकदा तिला लुगडे घेऊन येतो आणि चहा पिऊन जातो. यंदाही आला होता म्हणाली.

रात्री पुन्हा पहिल्यापासून लावला. मावशी पदर तोंडाशी धरून पाहत होती. अर्धा चित्रपट झाला आणि वीज गेली. अंधारात कोणी बोलेना. मग मावशीचा आवाज आला, “त्या बाईला तिचं पोर वळखतं का रं?”

“उद्या बघू मावशी,” मी म्हणालो, “लाइट सकाळी येईल.”

ती उठली नाही. तिथेच भिंतीला टेकून बसून राहिली.