वासाचा खाडा

गेल्या थंडीतली गोष्ट. रात्री दीड वाजता सूनबाई माझ्या खोलीच्या दारात उभी. "आई, वास येतोय. खिडक्या लावू?" सातवा महिना लागला होता तिला. दोघींनी मिळून सगळ्या खिडक्या लावल्या, गॅलरीच्या दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं आणि हॉलमध्ये बसून राहिलो. तासाभराने वास ओसरला. तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, बाळ झाल्यावर आपण इथून जायचं का?"

मला उत्तरच सुचेना. १९८३ साली लग्न होऊन मी डोंबिवलीत आले, तेव्हा आमच्या मागच्या बाजूला भातखाचरं होती. एमआयडीसी त्याच्याही आधीपासूनची, पण लांब वाटायची. कंपन्या आमच्या दारात आल्या नाहीत. आम्हीच बिल्डिंगी बांधत बांधत त्यांच्या कुंपणाला जाऊन टेकलो. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या घरात गेलं होतं!

जानेवारी २०१४मध्ये इथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२०मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. बाहेरगावचे नातेवाईक फोन करून हसले, "काय, रंगपंचमी लवकर आली का?" आम्हीही हसलो. पण मे २०१६ आणि मे २०२४मधल्या स्फोटांनंतर कोणी हसलं नाही. माणसं गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा अतिप्रदूषित ठरलेल्या ४३मध्ये डोंबिवली होतीच.

थंडीत हा त्रास जास्त. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उठत नाही, आणि वायू आपल्या घराच्या उंचीवरच रेंगाळतो. मोठ्यांपेक्षा तान्ही मुलं वजनाच्या मानाने जास्त हवा आत घेतात, हे कळल्यावर तर माझी झोपच उडाली.

दुसऱ्या दिवशी समोरच्या वहिनींकडे तणतणत गेले. "बंद केल्या पाहिजेत या कंपन्या!" त्या पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काकू, आमची चूल त्याच कंपनीवर पेटते हो." मी गप्प. त्यांचे यजमान बावीस वर्षं केमिकल कंपनीत आहेत, हे मला का ठाऊक नव्हतं? मग त्याच म्हणाल्या, "बंद नको. पण सांडपाणी आणि धूर साफ करायची यंत्रं नीट चालवायला काय हरकत आहे? त्यांना वीज लागते, औषधं लागतात. नाही चालवली की मालकाचे पैसे वाचतात. आणि सगळ्यात आधी तो वास नाकात जातो तो आमच्या ह्यांच्या."

तक्रार तर आम्ही आधीही केली होती. पण माणूस यायचा सकाळी, तेव्हा वास पसार! "मॅडम, आत्ता तर काहीच नाही." तेव्हा वहिनींनाच सुचलं. आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडतो ना, तसा वासाचा खाडा मांडायचा. किती वाजता आला, किती वेळ राहिला, सडक्या अंड्यासारखा की औषधासारखा, वारा कुठून होता, घरात कोणाला खोकला, कोणाचे डोळे चुरचुरले. भिशीच्या आम्ही चौदाजणी लगेच तयार झालो.

दोन महिन्यांनी चौदा कॅलेंडरं शेजारी शेजारी मांडली. अकरा रात्री सगळ्यांच्या जुळत होत्या! त्यातल्या नऊ वेळा वास रात्री बारा ते तीनमध्येच आलेला. झेरॉक्स काढून आम्ही कचेरीत गेलो. या वेळी साहेबांनी बसायला खुर्च्या दिल्या, पोच दिली आणि रात्रीची तपासणी करू म्हणाले. एकदा गाडी आलीही. पुढचं काय ते बघू. आमची कॅलेंडरं चालूच आहेत.

नातीला आता चार महिने झाले. तिची दुपटी मी अजून आतल्याच दोरीवर वाळवते. इथून जायचं की राहायचं, आमचं अजून ठरलेलं नाही. मुलगा बदलापूरकडे जागा बघतोय. मी त्याला अडवणार नाही. पण आम्ही गेलो तरी या खोल्यांत कोणीतरी येईलच, आणि तिच्याही कडेवर बाळ असेल.

काल सकाळी कॅलेंडर बघितलं. रात्रीच्या चौकटीत लिहिलं होतं, "२.१० ते २.५०, औषधासारखा, बाळ दोनदा शिंकलं." अक्षर सूनबाईचं होतं. मला उठवलंही नव्हतं तिने.