पनवेलचे पाणी : समज आणि वस्तुस्थिती

जेथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि गाढी नदी फुगली की काठच्या वस्तीतील लोक सामान माळ्यावर चढवू लागतात, त्या पनवेलात मरुभूमीतील जलसंघटनांची गोष्ट काढली तर ऐकणारा प्रथम हसतो. परंतु तोच गृहस्थ मे महिन्यात सोसायटीच्या फाटकाशी टँकरची वाट पाहत उभा असतो, आणि तेथून चार-पाच कोसांवर, माथेरानच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतली बाई कोरड्या पात्रात उकरलेल्या झिऱ्याशी बसून वाटीने हंडा भरीत असते. एक वाटी उपसावी, पाणी पुन्हा निवळेपर्यंत थांबावे, मग दुसरी.

पाऊस मुबलक म्हणजे पाणी मुबलक, हा समज या दृश्याने मोडावयास हरकत नाही. सह्याद्रीच्या कड्यांवरून उतरलेले पाणी कातळावर फारसे मुरत नाही. ते काही तासांत खाडीला मिळते. जैसलमेरकडे वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस होत नाही, म्हणून तेथील माणसाने टाकी-कुंडे बांधून थेंबाचा हिशेब ठेवला. आमच्या पूर्वजांनाही हे अगदीच कळले नव्हते असे नाही. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे ही तलावांची नावे त्याची साक्ष देतात. नळ आला आणि हिशेब सुटला, इतकेच.

आपण पितो ते पाणी आपल्याच तालुक्याचे, ही दुसरी समजूत. 1852 साली स्थापन झालेल्या पनवेल नगरपालिकेने गाढी नदीवर देहरंग येथे स्वतःचे धरण बांधले, ही अभिमानाची बाब खरीच. पण गाळ साचत गेला, शहर वाढत गेले, आणि आज महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाताळगंगेचे पाणी भोकरपाड्याहून शहराकडे पाठविते. त्या पाताळगंगेत उन्हाळ्यातही जो प्रवाह असतो, तो मुख्यत्वे टाटांच्या खोपोली येथील, 1915 साली सुरू झालेल्या वीजगृहातून सुटलेल्या पाण्याचा. आणि ते पाणी येते लोणावळा-वळवण येथील तलावांतून, म्हणजे घाटापलीकडच्या इंद्रायणीच्या खोऱ्यातून, जे एरव्ही भीमेला मिळून पूर्व समुद्राला गेले असते. खारघरकडे सिडको पेणजवळच्या हेटवणे धरणातून पाणी आणते, तर तळोज्याच्या कारखान्यांची तजवीज औद्योगिक विकास महामंडळाकडे आहे. एका शहराच्या नळाला असे चार धनी असल्यामुळे दरखास्त कोणत्या दप्तरात द्यावी हे ठरविण्यातच उन्हाळा सरतो.

तिसरा समज अधिक खोल रुजलेला आहे : टंचाई माणसांना एकत्र आणते. टंचाई माणसांना रांगेत आणते, हे नळावर उभ्या राहिलेल्या कोणासही सांगावयास नको. राजस्थानातील अलवर जिल्ह्यात अरवरी नदीच्या खोऱ्यात, राजेंद्रसिंह यांच्या तरुण भारत संघाच्या साहाय्याने गावकऱ्यांनी जोहड म्हणजे पाणी अडविणारी मातीची तळी आणि बंधारे बांधले, कोरडी पडलेली नदी वाहू लागली, तिच्यात मासे आले. आणि मासे आल्याबरोबर सरकारने मासेमारीचा ठेका दिला. ज्यांनी माती वाहिली त्यांना नदीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न तेव्हा पडला, आणि त्या तंट्यातून 1999 साली सुमारे सत्तर गावांची अरवरी संसद उभी राहिली. तिने ऊस लावण्यास मनाई केली. संघटना जन्मास आली ती पाणी आल्यावर, वाटणीचा प्रश्न उभा राहिल्यावर.

महाराष्ट्रात हीच गोष्ट विलासराव साळुंखे यांनी त्याआधी कितीतरी वर्षे ओळखली होती. 1972 च्या दुष्काळाने हादरलेल्या या अभियंता-उद्योजकाने पुरंदर तालुक्यातील नायगावी देवस्थानची जमीन खंडाने घेऊन प्रयोग केला आणि त्यातून पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही जसेच्या तसे वाचावे असे आहेत : पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणसांच्या प्रमाणात, दरडोई अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, ऊस नाही, आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः भरावयाचा. माझ्या मते यातील शेवटचे कलम सर्वांत शहाणे आहे, कारण पदरचा पैसा घातलेला माणूस बैठकीला येतो.

ठराव झाला म्हणजे काम झाले, असेही अनेकांना वाटते. आमच्याच जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव 1924 साली केला होता; तरी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल 1937 साली लागला. सर्वांचे पाणी असे म्हणताना त्या सर्वांत कोण मोजले गेले हे आधी विचारावे. गाढीच्या उगमाकडील वाडीतली ती बाई मोजली गेली आहे काय?

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या, चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात पावसाळा सरताच ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि कोणते पीक घ्यावयाचे ते त्यावरून ठरविते. देहरंगच्या पाण्याची चर्चा पनवेलात मार्चनंतर सुरू होते. यंदा ती चार धन्यांना आणि वाडीवस्तीच्या प्रतिनिधींना एका टेबलाशी बसवून, धरण भरलेले असताना, दिवाळीपूर्वी करावी, एवढीच विनंती आहे.