फौज कोणाच्या हुकमतीत?

१९३८ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबई बंदरातून चीनला निघालेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दोघे आपल्याकडचे होते. सेनापती चू द यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साह्याची याचना केली होती, आणि काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषबाबू यांनी हे पथक उभे करण्यात पुढाकार घेतला होता. जपानच्या आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या एका शेजारी राष्ट्राला पारतंत्र्यातील दुसऱ्या राष्ट्राने दिलेला तो हात होता. डॉ. कोटणीसांच्या त्यागाची कथा व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली. परंतु ज्या फौजेच्या सेवेत त्यांनी देह ठेवला ती फौज कोणाची होती, तिचा शिपाई कोणाच्या हुकमाने पाऊल उचलीत असे आणि कोणाच्या हुकमाने थांबत असे, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला गेला नाही. साम्यवादी राज्यांतील पक्ष आणि सैन्य यांच्या संबंधांचे मर्म त्याच प्रश्नात असल्यामुळे तो येथे थोडा विस्ताराने विचारावयाचा आहे.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले, आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून कोटणीस आठव्या मार्गसेनेबरोबर आघाडीवर राहू लागले. कागदोपत्री ही सेना चीनच्या राष्ट्रीय सरकारची होती. १९३७ च्या ऑगस्टमध्ये जपानविरुद्ध एकजूट करताना कम्युनिस्टांनी आपल्या तांबड्या सेनेचे नाव बदलून ती चँग कै-शेक यांच्या राष्ट्रीय क्रांतिसेनेत दाखल केली होती, आणि सरकारी शिरस्त्याला जुळवून घेण्यासाठी राजकीय कमिसारांची पदेही त्या वेळी मोडीत काढली होती. मात्र दोन-तीन महिनेही लोटले नाहीत तोच, ऑक्टोबरमध्ये, पक्षाने ती पदे पुन्हा निर्माण केली. सरकारचे नाव चालेल, सरकारी बिल्ला चालेल, सरकारी पगारही चालेल, पण सेनाधिकाऱ्याच्या शेजारी पक्षाचा माणूस असल्याखेरीज चालणार नाही, हा त्या निर्णयाचा आशय होता. आणि पक्षाच्या दृष्टीने फौजेचा प्राण कोठे वसत होता, हे सांगण्यास एवढी एकच घटना पुरेशी आहे.

ही हट्टाची गोष्ट नव्हती. तिच्यामागे रक्तरंजित अनुभव होता. १९२७ च्या एप्रिलमध्ये चँग कै-शेक यांनी शांघायमध्ये आपल्याच कम्युनिस्ट मित्रांची कत्तल केली, तेव्हा कम्युनिस्टांपाशी संघटना होती, कामगार होते, विचार होता. नव्हते ते सैन्य. १ ऑगस्ट १९२७ रोजी नानचांग येथे काही पलटणींनी बंड केले आणि तोच दिवस पुढे चिनी सेनेचा वर्धापनदिन ठरला. परंतु खरी उभारणी त्यानंतर काही आठवड्यांनी सानवान नावाच्या एका खेड्यात झाली. पराभवामागून पराभव खात, पळून जाणाऱ्यांमुळे हजाराच्याही आत आलेल्या जमावाला माओंनी तेथे थांबविले आणि प्रत्येक कंपनीत पक्षाची शाखा स्थापन केली. तोवर पक्षाची शाखा असे ती फार तर वरच्या, रेजिमेंटच्या पातळीवर. शंभर-सव्वाशे शिपायांच्या कंपनीत पक्षाचा श्वास पोहोचत नसे. आता कंपनीचा कप्तान लढाईची आखणी करी, तर त्याच्या शेजारी राजकीय शिक्षक बसे. शिपायाला अक्षरओळख करून देणे, जमीनदार आणि कूळ यांचे नाते समजावून सांगणे, घरची पत्रे लिहून देणे, ज्याचे मन खचले त्याच्याशी रात्री बोलत बसणे हे त्याचे काम. शिपायांच्या समित्या झाल्या, अधिकाऱ्याने शिपायाला मारण्याची जुनी चाल बंद झाली, आणि प्रजेच्या घरातून सुई-दोराही उचलावयाचा नाही असा दंडक पुढे घातला गेला. दोन वर्षांनी, डिसेंबर १९२९ मध्ये, गुटियान येथील परिषदेत या सर्व व्यवस्थेला सिद्धांताचे रूप मिळाले. आणि १९३८ च्या नोव्हेंबरात माओंनी, बंदुकीवर हुकमत पक्षाची राहील, पक्षावर बंदुकीची कदापि चालू दिली जाणार नाही, असा तिचा निष्कर्ष आपल्या भाषणात मांडला. आपले पथक तेव्हा चीनमध्येच होते.

या व्यवस्थेतील उदात्त भाग नाकारणे हा अन्याय होईल, आणि कोटणीसांचे चरित्र त्याची साक्ष देते. लुटारू सरदारांच्या भाडोत्री फौजांनी गांजलेल्या त्या देशात शेतकऱ्याने ज्या सैन्याला स्वेच्छेने भाकर दिली ते हेच सैन्य. १९४० च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ‘शंभर रेजिमेंटांच्या मोहिमे’त जखमींचा लोंढा लोटला असता कोटणीसांनी अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या, १९४१ च्या जानेवारीत बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. वडिलांच्या मृत्यूची वार्ता त्यांना चीनमध्येच कळली, तरी ते परतले नाहीत. तेथील परिचर्या-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला, १९४२ च्या जुलैमध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले, आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. साह्यासाठी गेलेला परदेशी डॉक्टर पक्षाचा सभासद होतो, ही केवळ व्यक्तिगत निष्ठेची गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. त्या सेनेत शिपाईपण आणि पक्षनिष्ठा यांच्यामध्ये भिंतच उरलेली नव्हती.

अधिकारी आणि त्याच्यावर नजर ठेवणारा अधिकारी, ही कल्पना मराठी वाचकाला नवी वाटू नये. शिवछत्रपतींच्या गडांवर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे बरोबरीचे अंमलदार नेमलेले असत, तिघांनी एकविचाराने कारभार करावा असा हुकूम असे, शिवाय धान्य-सामानाचा हिशेब कारखानिसाकडे असे, हे सभासदाच्या बखरीतून आपण वाचत आलो आहोत. एकट्या हवालदाराने फितूर होऊन गड शत्रूच्या हवाली करू नये हा तेथील हेतू, आणि एकट्या सेनापतीने फितूर होऊन पलटण घेऊन जाऊ नये हा कमिसाराच्या नेमणुकीचा हेतू. येथवर साम्य आहे; त्यापुढे नाही. सबनीस आणि हवालदार दोघेही एकाच राज्याचे चाकर होते. कमिसार मात्र राज्याचा चाकर नसतो. राज्य आज असेल, उद्या नसेल, पण तो पक्षाचा असतो, आणि राज्याहूनही पक्षाला श्रेष्ठ मानतो.

कमिसाराची ही युक्ती चीनने रशियापासून उचलली. १९१८ मध्ये ट्रॉट्स्की यांनी लाल सेना उभारली तेव्हा युद्धशास्त्र जाणणारे अधिकारी होते ते झारच्या नोकरीतले. त्यांच्यावाचून लढता येईना आणि त्यांच्यावर विसंबता येईना, म्हणून प्रत्येकाच्या पाठीशी कमिसार उभा राहिला आणि त्याच्या सहीखेरीज हुकूम ग्राह्य धरला जाईना. रशियात मात्र हे पद सतत चढत-उतरत राहिले. १९३७ मध्ये स्टालिन यांनी मार्शल तुखाचेव्हस्की यांना गोळ्या घालविल्या आणि कमिसारांना पुन्हा पूर्ण अधिकार दिले. १९४० मध्ये ते काढून घेतले, १९४१ मध्ये जर्मन चालून येताच परत दिले, आणि १९४२ च्या ऑक्टोबरात, स्टालिनग्राडचा संग्राम चालू असताना, पुन्हा काढून घेतले. पक्षाला जेव्हा सेनापतीचे भय वाटे तेव्हा कमिसार मोठा होई, आणि शत्रूचे भय अधिक वाटू लागले की सेनापती मोठा होई. मार्शल झुकोव्ह यांनी १९५७ च्या जूनमध्ये प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध क्रुश्चेव्ह यांची बाजू सावरली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच क्रुश्चेव्ह यांनी त्यांना बडतर्फ केले. ज्याने एकदा गादी वाचविली तो एखाद्या दिवशी ती हिसकावूनही घेईल, हा संशय पक्षाच्या मनातून कधी गेला नाही.

चीनमध्ये हा संशय अधिक खोल आणि अधिक दारुण ठरला. ज्या मोहिमेत कोटणीसांनी जखमींवर उपचार केले तिचे सेनापती फंग दहुआय पुढे संरक्षणमंत्री झाले. १९५९ च्या लूशान बैठकीत, माओंच्या ‘मोठ्या झेपे’ने शेतकऱ्यांवर ओढवलेली आपत्ती त्यांनी खाजगी पत्राने माओंच्या कानी घातली. तेवढ्या अपराधासाठी त्यांचे पद गेले. सांस्कृतिक क्रांतीत त्यांचा छळ झाला, पुरेशी अनुमती न घेता शंभर रेजिमेंटांची मोहीम काढली हाही आरोप त्यांच्या माथी मारला गेला, आणि १९७४ मध्ये ते नजरकैदेत वारले. त्यांच्या जागी आलेले लिन पिआव यांना तर १९६९ मध्ये पक्षाच्या घटनेतच माओंचे वारस म्हणून नमूद करण्यात आले होते. दोन वर्षांत त्यांचे विमान मंगोलियात कोसळले. या काळात पक्षाची कार्यालये तांबड्या रक्षकांनी उद्ध्वस्त केल्यामुळे प्रांताप्रांतांत कारभार पाहावयास उरली ती फौजच. बंदुकीवर पक्षाची हुकमत या सिद्धांताची सर्वांत मोठी परीक्षा त्या वेळी झाली, आणि तीत फौज बराकीत परतली खरी, पण पक्षाचे प्रमुखपद नव्हे तर पक्षाच्या लष्करी आयोगाचे अध्यक्षपद हेच सत्तेचे खरे आसन आहे, ही गोष्टही उघड झाली. १९८१ ते १९८९ या काळात तंग श्याव-फिंग ना पक्षाचे सरचिटणीस होते, ना राष्ट्राध्यक्ष, ना पंतप्रधान. ते लष्करी आयोगाचे अध्यक्ष होते, आणि अखेरचा शब्द त्यांचा होता. १९८२ च्या राज्यघटनेने शासनाचाही एक लष्करी आयोग निर्माण केला. दारावर पाट्या दोन लागल्या. आत बसणारी माणसे बहुधा तीच राहिली.

आमच्या ठाणे जिल्ह्याला लाल बावटा परका नाही. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये केलेला उठाव तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला. पण कम्युनिस्ट पक्षाच्या हाती येथे कधी फौज नव्हती. केरळात १९५७ मध्ये त्याचे मंत्रिमंडळ आले तेव्हाही नव्हती, कारण सैन्य हा केंद्राचा विषय. त्यामुळे पक्ष आणि सैन्य एक झाल्यावर काय घडते, याचा अनुभव आपल्याला नाही. सैन्य रस्त्यावर येणे म्हणजे काय, हे मात्र भिवंडीला ठाऊक आहे. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी, ठाणे व मुंबई येथील दंगलींत अडीचशेवर माणसे मृत्युमुखी पडली, यंत्रमाग थांबले, आणि बंदोबस्तासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या वयस्क माणसांना ते दिवस सांगावे लागत नाहीत.

त्या वेळी लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३० आणि १३१ या कलमांकडे मला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. २०२४ च्या जुलैपासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्यांची जागा १४९ व १५० या कलमांनी घेतली आहे. बेकायदा जमाव पांगविण्यासाठी फौजेची मदत मागावयाची ती दंडाधिकाऱ्याने. मागणी कशी पार पाडावी ते लष्करी अधिकाऱ्याने ठरवावयाचे, परंतु बळाचा वापर आणि जीवित-वित्ताची हानी शक्य तितकी कमी राहील अशा बेताने. आणि दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल तर सनदी लष्करी अधिकारी स्वतः पाऊल उचलू शकतो, पण संपर्क होताच त्याने दंडाधिकाऱ्याच्या सूचनांप्रमाणे वागावे. या कलमांत कोणत्याही पक्षाचा उल्लेख नाही. सत्तेवरचा पक्ष दंडाधिकाऱ्यावर दडपण आणू शकत नाही असे मी म्हणत नाही, तसे घडते. तरीही हुकूम योग्य होता की नाही, हे विचारावयास चौकशी आयोग आहे, न्यायालय आहे, विधानसभा आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात दाखविण्यासाठी कलम आहे.

बीजिंगमध्ये १९८९ च्या मे महिन्यात हेच दार बंद होते. २० मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला तो पंतप्रधान ली फंग यांच्या सहीने; निर्णय मात्र पक्षाच्या वडीलधाऱ्या मंडळींचा आणि लष्करी आयोगाच्या अध्यक्षांचा. ३८ व्या सेनेचे सेनापती मेजर जनरल शू छिनश्यान यांना तोंडी हुकूम मिळाला, तेव्हा आंदोलक विद्यार्थ्यांवर फौज घेऊन जाण्यास त्यांनी नकार दिला. त्यांची सेना दुसऱ्याच्या नेतृत्वाखाली शहरात शिरली, ३ जूनच्या रात्री गोळीबार झाला, आणि शू यांना लष्करी न्यायालयाने पाच वर्षांची कैद दिली. पक्षानेही त्यांना काढून टाकले. पुढे ते शिजियाझुआंग येथे राहिले आणि २०२१ च्या जानेवारीत वारले, डॉ. कोटणीस यांची समाधी असलेले शहर ते हेच.

मला स्वतःला त्या व्यवस्थेचा दोष येथे दिसतो. जोवर पक्ष दुबळा होता, शत्रूने वेढलेला होता आणि शेतकऱ्याच्या भाकरीवर जगत होता, तोवर कंपनीतला राजकीय शिक्षक हा शिपायाचा गुरू आणि कैवारी होता. पक्षच राज्य झाल्यावर त्याच शिक्षकाची नजर शिपायावरची पाळत झाली, आणि हुकूम अन्यायाचा आहे असे ज्याला वाटले त्या सेनापतीला दाद मागण्यासाठी पक्षाबाहेर एकही जागा उरली नाही. ही स्थिती इतिहासजमा झालेली नाही. २०२५ च्या १७ ऑक्टोबरला चीनच्या संरक्षण मंत्रालयाने लष्करी आयोगाचे उपाध्यक्ष ह वैतुंग यांच्यासह नऊ वरिष्ठ अधिकाऱ्यांवरील कारवाई जाहीर केली. त्या सर्वांना पक्षातून आणि सैन्यातून काढून टाकण्यात आले होते, आणि त्यांच्यावरील आरोपांत पहिला आरोप पक्षशिस्तीच्या गंभीर भंगाचा होता.